बॉक्स चालू केला की जे लागतं ते

नगरच्या आमच्या घरातला टीव्ही चालू केला की आधी एक ठरावीक हिंदी न्यूज चॅनेल लागतं. रात्री तुम्ही शेवटी काय बघत होतात याच्याशी त्याला काही देणंघेणं नाही. मालिका बघत झोपा नाहीतर मॅच बघत, सकाळी बॉक्सचा हिरवा दिवा लागला की तोच कोट घातलेला माणूस, तेच लाल पट्टे आणि खाली धावणारी ओळ. आता रिमोट वापरायचा म्हणाल तर त्याचं मागचं झाकण कधीच हरवलंय, सेल रबरबँडने बांधलेत, तीनचं बटण एकदा आत गेलं ते बाहेर आलंच नाही, आणि बाकीची बटणं चालवायची तर आधी रिमोट तळहातावर दोनदा आपटायचा, मग सेल बोटाने गोल फिरवायचे आणि मग बॉक्सवर नेम धरायचा. नानांचे, म्हणजे माझ्या वडिलांचे, गुडघे दुखतात. त्यांनी एवढा सगळा खटाटोप करून दुसरं चॅनेल लावावं ही अपेक्षा जरा जास्तच आहे.

हे आधीच सांगतेय कारण आमच्या नानांची मतं अशी कशी झाली यावर मी गेली सात-आठ वर्षं पुण्यात मैत्रिणींसोबत चहाचे किती कप रिचवलेत त्याचा हिशोब नाही. विचारधारा झाली, जात झाली, पिढीतलं अंतर झालं, रिटायर्ड माणसाचं एकटेपण झालं, सगळ्यावर बोलून झालं. रिमोटच्या सेलचा विषय कधी निघाला नाही.

नाना झेडपीत अकाउंट्सला होते. चौतीस वर्षं. व्हाउचर बघितल्याशिवाय सही न करणारा माणूस अशी ख्याती, त्यापायी दोनदा गैरसोयीची बदलीसुद्धा झाली. घरातपण तेच, किराण्याच्या यादीत दोन रुपये इकडेतिकडे झाले तर परत दुकानात जाणार. आणि हाच माणूस नोव्हेंबर २०१६ मध्ये माझ्या चुलतबहिणीच्या साखरपुड्यात जेवणाच्या पंगतीत उभा राहून लोकांना सांगत होता की नव्या दोन हजाराच्या नोटेत चिप आहे, जमिनीखाली पुरली तरी सॅटेलाइटला सिग्नल जातो. कुठे वाचलंत नाना? वाचलं नाही, दाखवलं ना टीव्हीवर, आकृती काढून दाखवली. रिझर्व्ह बँकेने दिलेल्या नोटेच्या माहितीत असलं काही नव्हतं, पण नानांनी ते व्हाउचर मागितलंच नाही. मे २०२३ मध्ये ती नोट चलनातून मागे घ्यायचं जाहीर झालं तेव्हा मी मुद्दाम फोन केला, म्हणलं नाना, चिपांचं काय करणार आता? ते म्हणाले, तुला काही काम नाही का.

इथपर्यंत गंमत होती. गंमत संपली ती एप्रिल २०२० मध्ये.

सावेडीत आमच्या गल्लीत एक फळवाले चाचा हातगाडी घेऊन यायचे. मी कॉलेजला असल्यापासून. आईचा उपास असला की केळी तेच आणून द्यायचे, पपई कापून दाखवायचे, पैसे नंतर दिले तरी चालायचे. नाना आंबे त्यांच्याशिवाय कुणाकडून घ्यायचे नाहीत. मार्चअखेर दिल्लीतल्या निजामुद्दीन मरकजची, म्हणजे तबलिगी जमात या मुस्लिम धर्मप्रचारक संघटनेच्या केंद्रात जमलेल्यांना कोरोना झाल्याची, बातमी आली आणि मग पुढचे तीन आठवडे चॅनेलवर दुसरं काही नव्हतंच म्हणा ना. देशात किती रुग्ण हा आकडा एका चौकटीत आणि त्यातले मरकजचे किती हा आकडा शेजारच्या चौकटीत, वर 'कोरोना जिहाद' असली अक्षरं, आणि मध्येच कुणीतरी फळांना थुंकी लावतंय असा कुठला तरी जुना व्हिडिओ. लॉकडाऊनमध्ये घरात बसलेला माणूस दिवसाचे बारा तास हेच बघणार. आमच्या गल्लीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तोच व्हिडिओ चार वेगवेगळ्या लोकांनी टाकला.

मी पुण्यात अडकले होते, त्यामुळे हे मला आईने सांगितलं, तेही खूप नंतर. चाचा सकाळी गाडी घेऊन आले, तोंडाला रुमाल बांधलेला, गेटपाशी थांबून नेहमीसारखी हाक मारली. नाना बाहेर गेले आणि त्यांनी विचारलं, "तुझं नाव काय?" आई म्हणते चाचा आधी हसले, त्यांना वाटलं नाना चेष्टा करतायत. मग नानांनी परत विचारलं. तेव्हा चाचा म्हणाले, "नाना, बारा वर्षं माल देतोय, आज नाव विचारलं." आणि नाव न सांगता गाडी वळवून गेले. त्या दिवशी त्यांच्या गाडीवर चिकू होते, आईला चिकू आवडतात म्हणून तिला तेवढं लक्षात आहे.

त्यानंतर ते आमच्या गल्लीत आले नाहीत.

आता यातली जी गोष्ट मला अजून पचत नाही ती पुढची आहे. २१ ऑगस्ट २०२० ला मुंबई हायकोर्टाच्या औरंगाबाद खंडपीठाने, न्यायमूर्ती नलावडे आणि न्यायमूर्ती सेवलीकर यांनी, तबलिगी जमातच्या २९ परदेशी नागरिकांवरचे गुन्हे रद्द केले. निकालात स्पष्ट म्हणलं की मरकजला आलेल्या या परदेशी लोकांविरुद्ध छापील आणि इलेक्ट्रॉनिक माध्यमांत मोठा प्रोपगंडा झाला आणि साथीच्या काळात त्यांना बळीचा बकरा केलं गेल्याची शक्यता दिसते. आणि हे गुन्हे होते कुठले? आमच्याच नगर जिल्ह्यातले! म्हणजे नानांच्या जिल्ह्याची केस, त्यांना कळणाऱ्या भाषेतली, ज्या गोष्टीने त्यांची एप्रिलमध्ये झोप उडवली होती नेमक्या त्याच गोष्टीची. मी फोन केला, बोलता बोलता विषय काढला, तर नानांना पत्ताच नाही. कसा असणार, त्यांच्या चॅनेलवर त्या आठवड्यात रिया चक्रवर्ती चालू होती.

ते दिवस आठवतायत का? १४ जूनला सुशांतसिंह राजपूत वांद्र्याच्या घरी मृतावस्थेत सापडला आणि पुढचे तीन-साडेतीन महिने देशात दुसरं काही घडतच नव्हतं. ३१ ऑगस्टला आकडा आला की एप्रिल ते जून या तिमाहीत देशाचा जीडीपी २३.९ टक्क्यांनी आकसला. नाना अकाउंट्सवाले, त्यांना हा आकडा ऐकून घाम फुटायला हवा होता. त्यांना सुशांतच्या बँक खात्यातून किती कोटी गेले ते तोंडपाठ होतं, जे पुढे कधी सिद्ध झालं नाही, आणि जीडीपीचं विचारलं तर म्हणाले कोरोना आहे, होणारच. पुढे जानेवारी २०२१ मध्ये मुंबई हायकोर्टाने त्या वार्तांकनाबद्दल दोन इंग्रजी चॅनेलचे कान उपटले आणि मार्च २०२५ मध्ये सीबीआयने केस बंद करायचा रिपोर्ट दिला, पण तोवर कोण कशाला बघतंय.

तर मला वाटायला लागलं की आपण चुकीच्या जागी खाजवतोय. चॅनेल नानांच्या डोक्यात काय भरतं याच्यावर मी भांडत होते. चॅनेल जे दाखवतच नाही त्याचा हिशोब कोण ठेवणार? खोटी बातमी निदान खोडता येते, लिंक पाठवता येते. न आलेल्या बातमीबद्दल तुम्ही बापाशी भांडणार कसं, त्याच्या लेखी ती घडलेलीच नसते.

मग २०२५ च्या मे महिन्यातली ती रात्र. पहलगामला २६ माणसं मारली गेली, ७ मेला ऑपरेशन सिंदूर झालं, आणि ८ तारखेच्या रात्री साडेअकरा-बाराला नानांचा फोन. आवाज थरथरत होता, पण आनंदाने. "कराची बंदर गेलं!" मी झोपेत. म्हणलं कुठे गेलं? "उडवलं! नेव्हीने उडवलं! इस्लामाबादमध्ये शिरलेत आपले." आणि मागून फोनमधून सायरन, तो लढाईतला वर-खाली होणारा भोंगा. मला क्षणभर खरंच वाटलं नगरमध्ये सायरन वाजतोय, तिथे लष्कराचं मोठं ठाणं आहे, काहीही होऊ शकतं, मी उठून बसले आणि ओरडले की आईला घेऊन आतल्या खोलीत जा. तर आई मागून म्हणते, अगं टीव्हीतला आहे तो, यांनी मोठा करून ठेवलाय, माझं डोकं उठलंय, यांना सांग बंद करायला.

सकाळी कराची बंदर होतं तिथेच होतं. कुठलं तरी भलतंच जुनं फुटेज, कुठले तरी एक्सवरचे मेसेज, आणि रात्रभर एकमेकांचं बघून सगळ्यांनी तेच लावलं. १० मेला सरकारलाच नागरी संरक्षण विभागाकडून चॅनेलना सांगावं लागलं की बाबांनो, कार्यक्रमात तो सायरन वाजवू नका, खरा वाजेल तेव्हा लोक उठणार नाहीत. मला ती सूचना वाचून हसावं की रडावं कळेना. नानांना विचारलं, कराचीचं काय झालं? ते म्हणाले, "काहीतरी केलं असणारच, सगळं थोडीच सांगतात." बघा, आता न सांगण्यावर पण विश्वास बसला होता.

याच सुमाराला माझ्या मावसभावाने, जो न्यूजर्सीत एडिसनला असतो आणि ज्याला आमच्या घरातल्या या भांडणांची चविष्ट खबर हवी असते, एक लिंक पाठवली. खाली लिहिलं होतं, काकांवर करून बघ. बर्कलीचा डेव्हिड ब्रूकमन आणि येलचा जोशुआ काला या दोन प्राध्यापकांनी अमेरिकेत एक प्रयोग केला होता. सप्टेंबर २०२०, म्हणजे बायडेन-ट्रम्प निवडणूक तोंडावर. ट्रम्पच्या बाजूचं मानलं जाणारं फॉक्स न्यूज नेमाने बघणारे तीनशेच्या वर लोक निवडले आणि त्यांना सांगितलं, महिनाभर त्याऐवजी सीएनएन बघा, आठवड्याला सात तासांपर्यंत, तासाला १५ डॉलर देतो. खरंच बघितलं का ते तपासायला मध्ये मध्ये प्रश्न विचारायचे. महिन्याने काय झालं? लोक पक्ष बदलून बसले नाहीत, तसं काही झालं नाही. पण कोरोनाबद्दल, निदर्शनांबद्दल त्यांना आधी माहीत नसलेल्या गोष्टी माहीत झाल्या, पलीकडच्या पक्षाच्या लोकांना पोलीस मेले की आनंद होतो असलं काही काही जे पक्कं वाटत होतं ते जरा ढिलं झालं. आणि मला सगळ्यात आवडलेला भाग म्हणजे त्यांना स्वतःच्याच चॅनेलबद्दल शंका यायला लागली, की ट्रम्पने काही चुकीचं केलं तर फॉक्स ते दाखवणार नाही. म्हणजे माझं ते 'न आलेल्या बातमीचं' दुखणं, तेच! प्रयोग संपला, पैसे बंद झाले, लोक परत फॉक्सवर गेले आणि दोन महिन्यांत बहुतेक परिणाम पुसला गेला.

मग मी रात्री उशिरापर्यंत हेच वाचत बसले. फॉक्स सुरू झालं ऑक्टोबर १९९६ मध्ये, पण सगळ्या गावांत एकदम नाही आलं, केबलवाल्याने घेतलं तिथे आलं, नाही घेतलं तिथे नाही. हा योगायोग धरून डेलाव्हिग्ना आणि कॅप्लन या दोघांनी ९,२५६ गावांचे निकाल तपासले तर जिथे फॉक्स पोचलं तिथे २००० सालापर्यंत रिपब्लिकन, म्हणजे बुश-ट्रम्पच्या पक्षाची, मतं ०.४ ते ०.७ टक्क्यांनी वाढलेली. एवढंसंच! पण त्याच वर्षी बुश फ्लोरिडात ५३७ मतांनी जिंकले आणि त्यावरच राष्ट्राध्यक्ष झाले होते हे लक्षात घ्या. आणि नंतरच्या एका अभ्यासात तर कमालच होती, त्यांनी बघितलं की केबलवर फॉक्सचा नंबर कितवा आहे. नंबर खालचा असला, म्हणजे बटण दाबत दाबत लवकर हाताशी आला, की लोक तो जास्त बघतात आणि मतंही तशी सरकतात. मी अंथरुणात उठून बसले. हा तर आमचा रिमोट!

दुसऱ्या आठवड्यात नगरला गेले आणि नानांसमोर प्रस्ताव ठेवला. एक महिना तुमचं चॅनेल बंद, संध्याकाळी सह्याद्रीच्या बातम्या आणि सकाळी पेपर, बस. नानांनी सगळं नीट ऐकून घेतलं. मग चष्मा काढून म्हणाले, "अमेरिकेत तासाला पंधरा डॉलर दिले म्हणालीस?" हो. "म्हणजे साधारण तेराशे रुपये. आठवड्याला सात तास, चार आठवडे, अठ्ठावीस तास. छत्तीस हजार होतात." त्यांनी हे तोंडी केलं. "मी तर चोवीस तास बघीन. तू किती देतेस?" मी म्हणलं पोरीकडून पैसे घेणार का. ते म्हणाले पैसे नको, पण तू पण. "तुझा तो यूट्यूबवाला बंद करायचा, आणि त्याच्या जागी माझं नऊचं डिबेट रोज बघायचं. पूर्ण. जाहिरातींसकट."

इथे माझी पंचाईत झाली. माझा यूट्यूबवाला म्हणजे, तुमच्यापैकी निम्म्यांचा तोच असेल. शांत आवाजात बोलतो, कोट घालत नाही, पाठीमागे पुस्तकांचं कपाट. मला कायम वाटत आलं की मी बातम्या ऐकते आणि नाना प्रचार ऐकतात. हो म्हणलं.

सह्याद्रीवर नाना पहिल्यांदा जाम वैतागले. "यात काही भांडणच नाही." आणि दुसरं म्हणजे "हे तर सरकारचंच आहे, मग माझ्यात आणि यात फरक काय?" मुद्दा बरोबर होता. मी प्रदीप भिडे, अनंत भावे वगैरे जुनी नावं काढून गहिवरायला लागले तर त्यांनी मला मध्येच तोडलं. म्हणाले ३१ ऑक्टोबर १९८४ ला इंदिराबाई गेल्याचं आम्हाला ऑफिसात दुपारीच बीबीसीच्या रेडिओवरून कळलं होतं, आपल्या सरकारी रेडिओ-टीव्हीने सांगायला संध्याकाळ केली, तेव्हा तुझ्या त्या सोनेरी काळाचं मला सांगू नकोस. हे खरंच आहे. सरकारी बातम्यांमध्ये सरकारच्या विरुद्ध फार काही येत नाही, तेव्हाही यायचं नाही आणि आताही. फरक एवढाच की तिथे कुणी तुमच्या अंगावर ओरडत नाही, शेजाऱ्याला बघून घ्यायला सांगत नाही.

दहा-बारा दिवसांनी आईचा फोन. हे रात्री दहाला झोपतायत. मी विचारलं काय बोलतात? म्हणाली पाऊस, कांद्याचा भाव, आणि कुकडीच्या आवर्तनाचं काहीतरी चाललेलं असतं, मला नाही कळत. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! कुकडीचं आवर्तन, म्हणजे कालव्याला पाणी सोडायची पाळी, हा आमच्या जिल्ह्यातला खरा भांडणाचा विषय, वरच्यांनी पाणी अडवलं की खालच्यांच्या घशाला कोरड, यावर नाना पूर्वी तासभर बोलायचे. आमचं मूळ गाव श्रीगोंद्याकडचं, अजून तीन एकर आहे. पण गेल्या आठ वर्षांत त्यांनी माझ्याशी फोनवर इस्लामाबादबद्दल जेवढं बोललंय त्याच्या दहाव्या हिश्शानेसुद्धा कुकडीबद्दल बोलले नव्हते.

आणि मी? मी चौथ्या दिवशी फसवलं. मला वाटलं होतं डिबेट बघून डोकं फिरेल. ते फिरलंच, सुरुवातीचे तीन दिवस. आठ चौकटींत आठ माणसं, त्यातले दोन रिटायर्ड फौजी मिशा पिळलेले, एक मौलाना जो रोज फक्त शिव्या खायला येतो (येतो का बरं? मला खरंच प्रश्न पडला, काहीतरी मानधन असणार), आणि मध्ये अँकर, ज्याचा आवाज बाकी सगळ्यांपेक्षा वर ठेवलेला. मग तिसऱ्या दिवशी माझ्या लक्षात आलं की मी हातात ताट घेऊन उभ्याने बघतेय, आता याला काय उत्तर देतो बघू म्हणत. मजा येत होती! कबड्डीसारखी. मी घाबरून चौथ्या दिवशी बाथरूममध्ये इअरफोन लावून माझा यूट्यूबवाला ऐकला आणि ऐकताना पहिल्यांदा मोजलं. चाळीस मिनिटांच्या व्हिडिओत त्याने नवीन माहिती दिली ती सहा मिनिटांची. बाकीचा वेळ, माझ्यासारख्या लोकांचं कसं बरोबर आहे हे तो मला मऊ आवाजात सांगत होता. आणि मी जाताना लाइक करून आले. आजवर त्याने असं काय काय दाखवलं नसेल जे मला माहीतच नाही? मला एकसुद्धा आठवेना. आठवणार कसं म्हणा.

टीआरपी हे सगळ्याचं मूळ असं मी पूर्वी मानायचे. देशात तेव्हा वीसेक कोटी टीव्हीची घरं आणि कोण काय बघतं ते मोजायला मीटर लावलेली घरं चव्वेचाळीस हजारांच्या आसपास, म्हणजे एका मीटरच्या घरामागे साडेचार हजार घरं मोजली जाणार, मग तेवढ्या घरांसाठी चॅनेलं एकमेकांचे गळे धरणार. ऑक्टोबर २०२० मध्ये मुंबई पोलिसांनी टीआरपी घोटाळ्याचं प्रकरण काढलं, हे मोजणाऱ्या बार्क या संस्थेने न्यूज चॅनेलचं रेटिंग थांबवलं आणि ते पुढे मार्च २०२२ पर्यंत बंद होतं. दीड वर्ष कुणाचा नंबर कितवा हे आठवड्याला कळत नव्हतं. ओरडा कमी झाला का? जराही नाही. पत्रकार पाठवायला गाडी लागते, कॅमेरामन लागतो, मुक्कामाचा खर्च लागतो. आठ लोकांना व्हिडिओ कॉलवर भांडायला लावणं यापेक्षा स्वस्तातली बातमी नाही. वर सरकारी जाहिराती, मालकाचे बाकीचे धंदे. आणि आणखी एक गोष्ट आहे जी मला फॉक्सच्याच भानगडीतून कळली.

२०२० च्या निवडणुकीनंतर फॉक्सवर मतदान यंत्रं बनवणाऱ्या डोमिनियन कंपनीने मतं फिरवली असं चालवलं गेलं. कंपनी कोर्टात गेली आणि एप्रिल २०२३ मध्ये फॉक्सने ७८ कोटी ७५ लाख डॉलर देऊन प्रकरण मिटवलं, आपले साडेसहा हजार कोटींच्या आसपास. आपल्याकडे चॅनेलवाल्यांच्या स्वतःच्याच संस्थेने लावायचा दंड जास्तीत जास्त एक लाख होता, आणि त्यावर २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टानेच विचारलं की याने कुणाला काय फरक पडतो. पण पैसे सोडा. त्या केसमध्ये फॉक्सच्या लोकांचे आपापसातले मेसेज बाहेर आले, त्यात दिसलं की पडद्यावरच्या मोठमोठ्या चेहऱ्यांचा त्या आरोपांवर स्वतःचाच विश्वास नव्हता. मग चालवलं का? कारण निकालाच्या रात्री फॉक्सनेच ॲरिझोना राज्य बायडेनला गेल्याचं आधी सांगितलं आणि प्रेक्षक भडकून दुसऱ्या, आणखी कडक चॅनेलकडे पळायला लागले. म्हणजे ते प्रेक्षकाला घाबरत होते!

मी इतकी वर्षं समजत होते चॅनेलने नानांना पकडून ठेवलंय. नानांनी पण चॅनेलला पकडलंय की. उद्या त्या कोटवाल्याने एक दिवस जरी सरळ सांगितलं की काल रात्रीचं कराचीचं चुकलं, तर नाना रिमोट आपटून, सेल फिरवून, गुडघ्यांची पर्वा न करता उठून दुसरं चॅनेल लावतील. आणि माझा पुस्तकांच्या कपाटवाला? त्याने एकदा विरोधकांच्या एका नेत्याला दोन प्रश्न विचारले होते, तर खाली कमेंटमध्ये 'हा पण विकला गेला' म्हणून शेकड्यांनी लोक. मीही तो व्हिडिओ अर्धा सोडला होता.

महिना संपला. नानांचं मत बदललं का? अजिबात नाही. शिक्का तिथेच. मी तशी आशाही ठेवली नव्हती, ठेवली होती थोडी. पण एक रविवारी मी नगरला होते तेव्हा ते म्हणाले, तो औरंगाबादच्या कोर्टाचा निकाल, तू म्हणत होतीस तो, छापील आहे का? मी प्रिंट काढून दिली. त्यांनी ऑफिसची फाइल वाचावी तसा पेन्सिल घेऊन वाचला, इंग्रजीत आहे, दोन दिवस लागले. वाचून झाल्यावर पंच करून फाइलला लावला. बोलले काही नाहीत. चाचा आता प्रोफेसर कॉलनी चौकाच्या बाजूला बसतात, तब्येतीमुळे गाडी ओढवत नाही. आईने सांगितलं नाना त्या बाजूने फिरायला जातात हल्ली. फळं मात्र अजून मॉलमधूनच येतात, स्टिकर लावलेली.

महिन्यानंतर टीव्ही परत होता तिथे. बॉक्स चालू केला की कोटवाला. मी म्हणलं आता हे मुळातूनच काढू, आणि केबलवाल्या पोराला बोलावलं. नवा रिमोट आणि नवे सेल टाकून त्याला म्हणलं, भाऊ, चालू केल्यावर हे चॅनेल पहिल्यांदा लागतं ते बदलून दे, काहीही लाव, भजनाचं लाव. तो हसला. "मॅडम, ते आमच्या हातात नाही. लँडिंग पेज असतं ते, वरून येतं. त्याचे पैसे भरलेले असतात ना चॅनेलने."

नाना आरामखुर्चीत पेपर वाचत होते, तो त्यांनी खाली ठेवला.

"कशाचे पैसे?"

"तुम्ही टीव्ही चालू केला की त्यांचं चॅनेल पहिलं दिसावं याचे, काका."

"माझा टीव्ही?"

"हो."

"माझ्या घरात, माझी वीज, तुला महिन्याचे साडेतीनशे मी देतो, आणि मी सकाळी पहिलं काय बघायचं याचे पैसे दुसरंच कुणीतरी भरतं?"

पोरगं माझ्याकडे बघायला लागलं. नाना चष्मा पुसत होते.

"पावती असते का त्याची?" त्यांनी विचारलं.